सलव्यातला लाल रंग : मेपल नाही, मग काय लावावं?



ऑक्टोबर लागला की आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक गोष्ट हमखास घडते. कुवेत सोडून कॅनडाला गेलेल्या कुणा मित्राचे फोटो येतात. मागे लालभडक मेपल, पायाशी पानांचा सडा, त्यात लोळणारी मुलं! आणि आपण इकडे सलव्यात एसीचा रिमोट हातात धरून ते फोटो बघत बसतो. बाहेर अजून ३५ अंश असतात.

दोन-तीन वर्षांपूर्वी असाच फोटो बघून आमच्या लेकीनं विचारलं, "बाबा, आपल्या होशात असं लाल झाड का नाही?" (नवीन आलेल्यांसाठी : होश म्हणजे व्हिलाचं अंगण.) आता लेकीनं मागितलं म्हटल्यावर बापाला जोर चढणारच. फेब्रुवारीत एका नर्सरीत जपानी मेपलचं छोटंसं रोप मिळालं. किंमत ऐकून आमच्या सौ.नी भुवया उंचावल्या, पण "इथे चालतं" असं विक्रेता म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. मार्चमध्ये नाजूक पंजासारखी लालसर पानं आली. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या. मे महिन्याच्या मध्याला कुंडीत फक्त काड्या उरल्या. लेक रोज शाळेतून आल्यावर त्या काड्यांना पाणी घालत होती. ते बघवेना.

शेवटी रत्नागिरीला आईला फोन केला तेव्हा ती हसून म्हणाली, "अरे, लाल पानंच हवीत ना? मग आपल्या दारातल्या बदामाला काय झालंय?"

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. वाचलं, विचारलं, लावलं, काही मारलं, काही जगलं. त्यातून जे समजलं ते थोडक्यात असं : झाडाच्या नावामागे धावू नका. आधी पान लाल का होतं ते समजून घ्या, त्यातलं कोणतं कारण आपल्या हवेत घडू शकतं ते बघा, आणि मग झाड निवडा. असं केलं तर सलव्यातही वर्षभर काही ना काही लाल दिसू शकतं.

मेपलला इथे काय सोसत नाही?

मेपलच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. कॅनडानं १५ फेब्रुवारी १९६५ रोजी आपल्या झेंड्यावर मेपलचं पान घेतलं, त्यामुळे आपल्याला तो कॅनडाचाच वाटतो. पण आपल्या हिमालयातही मेपल आहेत. इतकंच कशाला, आखातापलीकडे इराणच्या झाग्रोस पर्वतातही मेपलची एक जात रानात वाढते. अरबीत त्याला 'कैकब' म्हणतात. (काश्मीरचा चिनार मात्र मेपल नव्हे. पान दिसायला तसंच असलं तरी कूळ वेगळं.) म्हणजे मेपल आपल्यापासून फार लांब नाही, पण तो डोंगरावर आहे आणि आपण समुद्रसपाटीवर, वाळूत!

अडचणी चार आहेत.

पहिली म्हणजे उन्हाळा. आपल्याकडे जुलैत दुपारचं तापमान सरासरी ४६-४७ अंशांवर असतं. मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेनं ती नोंद मान्य केली. त्यात वायव्येचा कोरडा शमाल वारा. मेपलचं पातळ पान जितकं पाणी बाहेर टाकतं तितकं मुळं ओढू शकत नाहीत आणि कडेपासून पान भाजतं.

दुसरी म्हणजे माती. आपली वाळू चुनखडीची, अल्कधर्मी. खाली बऱ्याच ठिकाणी 'गच' नावाचा कडक थर. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात.

तिसरी म्हणजे पाणी. कुवेतमध्ये अनेक घरांना गोड्या पाण्याशिवाय निमखाऱ्या पाण्याची वेगळी लाइन असते, ती बागेसाठी आणि धुण्यासाठी. मेपलला ते पाणी म्हणजे विषच.

चौथी अडचण सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे शरदऋतूच नाही! पान रंगायला दिवस भराभर लहान व्हावे लागतात, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो. टोरांटोत जूनचा दिवस १५ तासांहून मोठा आणि डिसेंबरचा ९ तासांहून लहान. आपल्याकडे जूनमध्ये १४ तास आणि डिसेंबरमध्ये १० तासांहून थोडा अधिक. फरक निम्माशिम्माच. शिवाय रात्री खऱ्या गार होतात त्या डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा सरासरी किमान तापमान ८-९ अंशांच्या घरात येतं. म्हणजे मेपल उन्हाळ्यातून जिवंत सुटला तरी तिकडच्यासारखा ऑक्टोबरमध्ये रंगणार नाही.

इंटरनेटवर निळ्या-जांभळ्या मेपलच्या बियांची पाकिटं मिळतात, त्यावर एक फिलसुद्धा घालवू नका. निळा मेपल या पृथ्वीवर नाही. आणि तिकडून येणाऱ्या मित्राला रोप बॅगेत घालून आणायला सांगू नका. जिवंत रोप दुसऱ्या देशात न्यायचं तर रोगकिडीची तपासणी आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं. भारतातून आणतानाही तेच.

पान लाल का होतं?

मला सापडलेली चार कारणं, सोप्या भाषेत :

१. म्हातारं पान. गळण्याआधी झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन खोडात परत घेतं. हिरवा रंग ओसरला की खालचा पिवळा दिसू लागतो, आणि काही झाडं त्याच वेळी अँथोसायनिन नावाचं लाल द्रव्य नव्यानं तयार करतात. मेपलचा लाल तो हाच. आईच्या दारातल्या बदामाचाही हाच.

२. कोवळं पान. नवी पालवी अजून हरितद्रव्यानं भरलेली नसते. कडक उन्हापासून बचाव म्हणून तीही अँथोसायनिन बनवते. म्हणजे बाळाला टोपी घालावी तसं! सह्याद्रीत मार्च-एप्रिलला कुसुंब पेटल्यासारखा दिसतो तो फुलांनी नव्हे, पालवीनं. आंबा, मोह, पिंपळ, जांभूळ, सगळ्यांची पालवी तांबूस.

३. जन्मभर लाल पान. अकॅलिफा, कोलियस, लाल माठ. यांना ऋतूची वाट बघावी लागत नाही.

४. फुलाचं सोंग घेतलेलं पान. बोगनवेल आणि पॉइन्सेटिया. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं असतात. खरं फूल आत, अगदी एवढंसं.

हे समजल्यावर माझ्या लक्षात आलं की कॅनडाचा लाल रंग हा निरोपाचा आहे, आणि आपल्या गावाकडचा बराचसा लाल रंग हा पालवीचा, म्हणजे आगमनाचा आहे. आपण चुकीच्या टोकाला शोधत होतो!

आता एकेक झाड बघू.

देशी बदाम : आपला मेपल

हा ड्रायफ्रूटवाला बदाम नव्हे. मुंबई-कोकणात रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात असतो तो, मजल्यामजल्यानं आडव्या फांद्या टाकणारा. बहरीनमध्ये त्याला 'लौझ' आणि ओमान-अमिरातीत 'बेदाम' म्हणतात. समुद्रकाठचंच झाड असल्यामुळे खारा वारा आणि चुनखडीची माती दोन्ही चालते. कोकणात पानं वर्षातून साधारण दोनदा रंगून गळतात. आपल्याकडे मुख्य रंग थंडीत. हाताच्या पंजाहून मोठं पान, आधी पिवळं, मग केशरी, मग कुंकवासारखं लाल.

लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. एक, लहान रोपाला कडक थंडी बाधते. सलवा समुद्राला लागून असल्यामुळे वाळवंटातल्या भागांपेक्षा इथे रात्री थोड्या उबदार असतात, तरी पहिली दोन वर्षं भिंतीच्या आडोशाला, दक्षिणेकडचं ऊन मिळेल असं लावा. दोन, हे मोठं झाड आहे. इमारतीपासून आणि पाइपलाइनपासून निदान पाच-सहा मीटर दूर. जागा नसेल तर मोठ्या ड्रममध्ये काही वर्षं छान राहतं.

गळलेली पानं टाकू नका. मासे पाळणारे लोक ही वाळकी पानं फिशटँकमध्ये घालायला विकत घेतात! आमची लेक ती वहीत दाबून ठेवते आणि कॅनडातल्या मैत्रिणीला फोटो पाठवते.

पालवीची मंडळी : आंबा, कडुनिंब, डाळिंब

सगळ्यात स्वस्त लाल पान हवं असेल तर यंदाच्या हापूसची कोय फेकू नका. वाळली की आत गर सुकतो, म्हणून ताजी असतानाच कात्रीनं कडेनं वरचं कवच अलगद उघडा, आतलं बी आडवं ठेवून बोटभर मातीखाली लावा. दोन ते चार आठवड्यांत तांब्याच्या रंगाचा कोंब वर येतो. पहिली पानं मऊ, लोंबती, तपकिरी-लाल असतात आणि दोन-तीन आठवड्यांत हिरवी होतात. कोवळ्या रोपाला वर्षातून अनेकदा पालवी फुटते, त्यामुळे खेळ पुन्हा पुन्हा बघायला मिळतो. हापूसच्या कोयीचं झाड हापूसच देईल असं नाही, पण आपल्याला फळ कुठे हवंय? आंब्याला खारं पाणी अजिबात खपत नाही, तेव्हा कुंडी खिडकीत आणि पाणी गोडंच.

कडुनिंब मात्र अंगणाचं झाड. उन्हाळा, चुन्याची माती, वारा, सगळं सोसतो. मक्केजवळ अराफातच्या मैदानात हाजींच्या सावलीसाठी हजारो कडुनिंब लावले आहेत, यावरून काय ते समजा. नवी पालवी तांबूस-लाल आणि ती येते बरोबर गुढीपाडव्याच्या सुमाराला! दर पाडव्याला "कुणाकडे कडुनिंबाचा डहाळा आहे का हो?" म्हणून आपण फोन फिरवत बसतो. सलव्यातल्या चार घरांनी एकेक कडुनिंब वाढवला तर सगळ्यांची सोय होईल. लहानपणी थंडीत जपावा लागतो, तिसऱ्या वर्षापासून तो तुम्हाला विचारतही नाही.

डाळिंब या भागाचं जुनंच झाड. हिवाळ्यात पानं पिवळी होऊन गळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लालसर पालवी येते, पाठोपाठ शेंदरी फुलं. मध्यम खारटपणा चालतो, आकार लहान, कुंडीतही राहतं. फ्लॅटची बाल्कनी असेल तर मी डाळिंबच सुचवीन.

जहन्नमिया आणि बिंत-अल-कुन्सुल

ही नावं ऐकून घाबरू नका. अरबीत बोगनवेलीला 'जहन्नमिया' म्हणतात, म्हणजे नरकातली! बहुधा तिच्या आगीसारख्या रंगामुळे असेल. सलव्यातल्या कितीतरी व्हिलांच्या भिंतींवर ती दिसते. नरकाइतक्या उन्हातही तग धरते म्हणून मी तिला हे नाव मनापासून बहाल करतो.

तिचं गुपित असं की लाड केले की ती नुसती पानं काढते. पाणी आणि नत्राचं खत कमी केलं, दोन पाण्यांत माती चांगली सुकू दिली की रंग येतो. वसंतात आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, असे दोन बहर मिळतात. छाटणी बहर संपल्यावर करा, आधी नको. काटे मोठे असतात, तेव्हा मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब लावा.

पॉइन्सेटियाला अरबीत 'बिंत-अल-कुन्सुल' म्हणतात, म्हणजे वकिलाची (कॉन्सलची) लेक. जोएल पॉइन्सेट हा १८२५ मध्ये मेक्सिकोत अमेरिकेचा वकील होता, त्यानं हे झाड अमेरिकेत नेलं. त्याच्यावरून दोन्ही नावं. डिसेंबरमध्ये लाल कुंड्या सगळीकडे दिसतात आणि जानेवारीत लोक त्या फेकून देतात. फेकू नका! मार्चमध्ये वीतभर ठेवून छाटा, उन्हाळाभर घरात उजेडाच्या जागी जपा. मग ऑक्टोबरच्या मध्यापासून आठ-दहा आठवडे रोज संध्याकाळी पाच ते सकाळी सात पूर्ण अंधार द्या. आम्ही टीव्हीचा रिकामा खोका उलटा घालतो. मधेच कुणी ट्यूबलाइट लावली तर रंग बिघडतो. चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते, एवढं सांभाळा.

बारमाही लाल

अकॅलिफा गावाकडे कुंपणाला असते. तांबडी-तपकिरी पानं. इथे सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी चांगली होते. पूर्ण सावलीत रंग फिका पडतो, पूर्ण उन्हात पान करपतं. कोलियस घरातल्या खिडकीत; फांदी पाण्याच्या ग्लासात ठेवली तरी आठवड्याभरात मुळं फुटतात. क्रोटनही त्याच पंक्तीतलं, पण एसीचा झोत थेट अंगावर नको.

आणि लाल माठ! हा उन्हाळ्याचा गडी आहे. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत बी टाका, ऐन जून-जुलैत वर हिरवी जाळी बांधा. महिन्याभरात गडद लाल पानं तयार. अर्धी शोभेला ठेवा, अर्धी लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर खा. मेपल तुम्हाला हे सुख देईल का?

लाल अंबाडीही लावून बघा. दांडे लाल, आणि दिवस लहान होऊ लागले की फुलं येऊन मग लाल बोंडं धरतात. जमियात सुकी 'कर्कदे' मिळते ती हीच बोंडं. पानांची भाजी, बोंडांचं सरबत.

कुवेतचा स्वतःचा लाल

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. पाऊस बरा झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळवंटात एक बुटकं रोप उगवतं. त्याला गुलाबी-लाल, कागदासारखी फळं लटकतात. इथले लोक त्याला 'हुमैद' म्हणतात आणि कोवळी आंबट पानं खातात. नाव शोधून बघितलं तर ते चक्क आपला आंबट चुका! तोच, डाळ-दाणे घालून आपण भाजी करतो तो. आपण परके आणि आपली भाजी इथली मूळची रहिवासी, गंमत आहे की नाही?

समुद्राकाठच्या खारट चिखलातल्या काही गुबगुबीत पानांच्या वनस्पतीही ऋतू बदलताना लाल होतात. या बघायच्या, उपटायच्या नाहीत. कॅम्पिंगला गेलात तर गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा. चाकाखाली आलेली माती पुन्हा उगवायला वर्षं लागतात.

वर्षाचं वेळापत्रक

इथले जुने लोक वर्ष ताऱ्यांवरून मोजतात. २४ ऑगस्टपासून 'सुहैल'चे दिवस धरतात. प्रत्यक्षात तो तारा आपल्याला पहाटे दिसायला सप्टेंबर उजाडतो. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य! तो उगवला की आपल्याकडे पाणी निवळतं म्हणतात, इथे उन्हाचा जोर ओसरतो म्हणतात. हेच कॅलेंडर मी बागेला लावलं :

- सुहैल (ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर) : नवीन काही लावू नका. माती तयार करा, अंबाडीची बोंडं येऊ लागतील. ऑक्टोबरच्या मध्याला पॉइन्सेटियाचा खोका काढा.
- वस्म (ऑक्टोबर मध्य ते डिसेंबरचा पहिला आठवडा) : लावणीचा उत्तम काळ. बदाम, डाळिंब, बोगनवेल आता लावा. बोगनवेलीचा दुसरा बहर बघा.
- मुरब्बानिया (डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून चाळीसेक दिवस) आणि पुढची थंडी : बदामाची लाल पानं, पॉइन्सेटिया, कुंडीत बीट लावलंत तर त्याचे लाल देठ.
- वसंत (फेब्रुवारी अखेर ते एप्रिल) : डाळिंब, कडुनिंब, आंब्याची पालवी, बोगनवेलीचा मोठा बहर, वाळवंटात आंबट चुका. थंडी सरली की कडुनिंबाचं रोप लावा.
- उन्हाळा (मे ते ऑगस्ट) : जाळीखाली लाल माठ, आडोशाला अकॅलिफा, घरात कोलियस. बाकीच्यांना फक्त जगवायचं.

लावण्याआधी चार गोष्टी

*पाणी.* नळ कोणत्या लाइनचा आहे ते हारिसला विचारा. मातीवर पांढरी खपली दिसली की मीठ साठतंय असं समजा. महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर वाहील इतकं गोडं पाणी घाला, म्हणजे मीठ धुऊन जाईल. उन्हाळ्यात पाणी पहाटे किंवा रात्री. दुपारी पाइपातलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, त्यानं मुळं शिजतात!

*लाल की करपलेलं?* हे ओळखायला शिका. रंगलेलं पान मऊ असतं आणि रंग पानभर पसरतो. मिठानं किंवा उन्हानं करपलेलं पान कडेपासून तपकिरी होतं आणि चुरचुरतं. माझ्या मेपलच्या कडा तांबूस झाल्या तेव्हा मी "बघ, रंगायला लागलं!" असं लेकीला सांगितलं होतं. ते मरत होतं.

*कुंडी.* काळं प्लॅस्टिक उन्हात भयंकर तापतं. फिकट रंगाची किंवा मातीची कुंडी घ्या, किंवा एका कुंडीत दुसरी ठेवून मधे वाळू भरा. रोपं अल-राईच्या नर्सऱ्यांत आणि तिथल्याच फ्रायडे मार्केटमध्ये मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निवड सगळ्यात चांगली असते. बाहेर उन्हात ठेवलेलं रोप घ्या, एसीतलं नको.

*मालकाची परवानगी.* जमिनीत झाड लावायचं तर आधी घरमालकाला विचारा. कोनोकार्पसच्या मुळांनी पाइपलाइनी फोडल्याचे किस्से इथे सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे मालक बिचकतात. "हे त्यातलं नाही आणि भिंतीपासून लांब लावतो" असं समजावून सांगितलं तर बहुतेक जण हो म्हणतात. आमच्या मालकांनी तर स्वतः खड्डा खणायला माणूस दिला.

मुलांसाठी एक प्रयोग

सुट्टीच्या दिवशी करून बघा. कर्कदे गरम पाण्यात भिजवा. लाल पाणी तीन ग्लासांत घ्या. एकात लिंबू पिळा, रंग आणखी भडक होईल. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, तो निळसर-हिरवटाकडे जाईल. तिसरा तसाच ठेवा. मेपलच्या आणि बदामाच्या पानात असतं ते अँथोसायनिन हेच. आता लाल माठ उकळून त्याच्या पाण्यात सोडा टाका. रंग फारसा बदलत नाही! कारण माठ, बीट आणि बोगनवेल यांचा लाल वेगळ्या द्रव्याचा असतो, त्याला बीटालेन म्हणतात. आणि दोन्ही द्रव्यं बनवणारी वनस्पती निसर्गात आजवर सापडलेली नाही. शाळेच्या सायन्स प्रोजेक्टला ही कल्पना खुशाल वापरा.

शेवटी...

आपण इथे जवळपास सगळेच भाड्याच्या घरात. व्हिसा आहे तोवर आपण, मग पुढचं गाव. "कशाला झाड लावायचं, उद्या सोडूनच जायचंय" असं मीही बरीच वर्षं म्हणत होतो. पण आई म्हणाली तेही खरंच आहे. आमच्या दारातला बदाम माझ्या आजोबांच्याही आधीच्या कुणी लावला होता. कुणी ते आज कुणालाच आठवत नाही. सावली मात्र आम्ही खाल्ली.

गेल्या जानेवारीत आमच्या बदामाला पहिल्यांदा सात पानं लाल झाली. लेकीनं मोजली म्हणून आकडा पक्का आहे. सातवं पान गळलं त्याच आठवड्यात टोकाला नवा कोंब दिसला. ती पळत आत आली आणि म्हणाली, "बाबा, आपलं झाड मेलं नाही, नुसतं कपडे बदलतंय!"

तेव्हा मंडळी, या वस्मला एक तरी रोप लावा. ज्यांना बदामाचं बी, कोलियसच्या फांद्या किंवा लाल माठाचं बियाणं हवं असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला गाठा. पिशवी घेऊन या. आणि कुणाकडे कडुनिंबाचं रोप असेल तर पाडव्याआधी जरूर कळवा!

लोभ आहेच, तो वाढावा.

— तुमचाच, एक सलवाकर